पाट्याखालची चिमणी

फार फार वर्षांपूर्वी, घरोघरी पहाटे जाती घरघरायची तेव्हा, सोनकातळ गावात पाथरवटांच्या घरी एक सून होती. ठकू तिचं नाव. विशीची असेल. मूर्ती घडवायच्या त्या सासऱ्यांनी, आणि ठकूनं काय करायचं, तर दारोदार फिरून पाट्या-जात्यांना टाकी लावायची. म्हणजे वाटून वाटून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं टोचून पुन्हा खरखरीत करून द्यायचा. टक टक टक. हात इथं, मन घरी चुलीपाशी.

एकदा काय झालं, पाटलीणबाईंच्या अंगणात ती पाट्याला टाकी लावत होती. एक चिमणी आली आणि बसली की पाट्यावरच! हाकलली तरी जाईना. बस बाई, म्हणत ठकूनं तिच्याभोवतीनंच छिन्नी चालवली. चिमणी उडाली, आणि दगडावर चिमणीच उरली. ठकू बघतच राहिली. मग तिला राहवेना. डोळा काढला, पंख काढले, शेपूट काढली. भुकेचं भान नाही, उन्हाचं नाही. एवढा आनंद तिला स्वतःच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, असं म्हणतात. खरंच असणार ते.

पाटलीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बये! आता चटणी सगळी हिच्या पोटात अडकायची. नासवलास की माझा पाटा!"

बोभाटा घरी पोचला. सासऱ्यांनी छिन्नी काढून घेतली. "उद्यापासून खाणीतले दगड वाहायचे. हिला हात लावायचा नाही."

कालपर्यंत ठकूला सुटल्यासारखं वाटलं असतं. आता ती सासऱ्यांच्या मागोमाग गेली. "मामंजी, दगड वाहीन, पाटलीणबाईंना नवा पाटा घडवून देईन. पण छिन्नी द्या. मला अजून कावळा काढायचाय."

सासऱ्यांनी छिन्नी कमरेला खोचली. दिली नाही.

इकडे पाटलीणबाईंनी तो पाटा रागानं अंगणात टाकून दिला होता. सकाळी बघतात तर काय, अंगणभर चिमण्याच चिमण्या! असं म्हणतात, दगडातली चिमणीसुद्धा मान वर काढून त्यांच्याबरोबर दाणे टिपत होती. लेकी सासरी गेल्यापासून त्या घरात आवाज असा नव्हताच. पाटलीणबाई हरखल्या आणि स्वतः पाथरवटांच्या दारात आल्या.

"द्या हो पोरीची छिन्नी. आणि ठके, माझ्या जात्यालाही काढ एक. पण खालच्या बाजूला काढ गं बाई, पिठात नको!"

सासऱ्यांनी छिन्नी दिली. देण्याआधी धार लावून दिली.

मग काय विचारता! ठकूनं अख्ख्या गावाच्या पाट्यांखाली पाखरं काढली. मोर काढले, पोपट काढले, आणि हो, कावळाही काढला. म्हातारी झाली तरी हात थांबला नाही. असं म्हणतात, ती गेली त्या सकाळी तिच्या घरच्या पाट्याखालची चिमणी उडून गेली.

आजही सोनकातळात नवं धान्य आलं की बाया पाटे धुऊन अंगणात पालथे घालतात आणि पाखरांवर दाणे ठेवतात. त्या दिवशी कुणीही छिन्नी मागितली, तर नाही म्हणायचं नाही, अशी रीत आहे. पहिली मूठ मात्र ठकूच्या पाट्यावर. तो दगड कोरा आहे. पण संध्याकाळी त्यावर एक दाणा उरत नाही.