विशृंखलाचा वर

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, विंध्याच्या दक्षिणेस, हंसांच्या कूजनाने निनादणाऱ्या शुभ्रोदक सरोवराच्या तीरी वेदवेत्त्या ऋषींचा आश्रम होता. तेथे विशृंखल नावाचा असुर उग्र तपाचे फळ घेऊन आला. 'तुझे वचन जो खोडील, त्याची वाचा तत्क्षणी लोपेल,' असा वर त्याला ब्रह्मदेवाने दिला होता. असले वर देताना देव विचार तरी करतात की नाही, कोण जाणे!

असुर घाटावर ठाण मांडून गरजला, "जल हा अग्नी होय! अग्नी हे ऋण होय! म्हणून गरुडाच्या सावलीत जो निजेल, तोच अमर! या सरोवरास कोणी शिवू नये!"

एका वाक्याचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. पण आपण भ्यालो असे म्हणवून घेणे ऋषींना कमीपणाचे वाटले. म्हणून त्यांनी त्या बरळण्यात गहन तत्त्व शोधले, माना डोलावल्या, त्यावर भाष्येही रचली. धिक्कार असो त्या विद्वत्तेचा!

इकडे कुलपती दीर्घनाभांची कन्या शैवली ज्वराने तळमळत होती. तिची माता धृतव्रता रिकामा कलश घेऊन घाटावर आली.

"असुरा, मी तुझे वचन खोडीत नाही. परंतु ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगता आल्याविना ते समजले असे मानू नये, ही या आश्रमाची रीत आहे. मला ते सांगता येत नाही, आणि या ऋषींनाही येत नाही. तूच उलगडून सांग. माझ्या लेकीने पाणी का पिऊ नये?"

"जल अग्नी आहे! ती जळेल!"

"मग प्रातःकाळी तू ओंजळीने प्यालास, तो कसा जळला नाहीस?"

"मूर्ख स्त्रिये! जल कधी अग्नी असते काय?" असुर संतापाने बोलून गेला. स्वतःचेच वचन त्याने खोडले होते. तत्क्षणी त्याची वाचा गेली, आणि तो मुकाट पाताळात निघून गेला.

ऋषी हर्षाने पुढे धावले. दीर्घनाभ म्हणाले, "देवी, जल अग्नी नव्हे, हे आम्ही जाणतच होतो."

धृतव्रतेचे नेत्र आरक्त झाले. "जाणत होता? पोटची पोर तहानेने तळमळत असता जाणत होता, आणि भाष्ये रचीत बसला होता? त्या असुराला विचार नव्हताच. तुम्ही असलेला विचार टाकून दिलात! जा, या तीरावर बोरू होऊन उभे राहा, आणि येईल त्या वाऱ्यापुढे माना डोलवा!"

शाप फळला; दीर्घनाभांसह सारे ऋषी तीरावर बोरूचे बन होऊन डोलू लागले. शैवली पाणी पिऊन बरी झाली. पुढे जन्मभर ती त्याच घाटावर पाणी भरीत असे. तिने पित्याला तेथे पुष्कळ प्रश्न विचारले, आणि प्रत्येकाला होकारच मिळाला.