आधी देवाला, मग गावाला

पूर्वी वेत्रपूर नगरात अरिंजय नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका दवंडीवाल्याच्या घरी जन्माला आला. नाव सुघोष. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. बापामागून हलगी त्याच्याकडे आली आणि तो दवंडी देऊ लागला. मोठा माणूस नव्हता. दवंडीवाल्याला मोठेपण कोण देतो?

त्या नगराची एक रीत होती. वेशीपाशी एक देव होता. त्याला ना देऊळ, ना नाव. शेंदूर फासलेला एक धोंडा आणि त्याच्यापुढं एक पायरी. पायरीजवळ धुनी कायम पेटलेली असे. हलगीचं कातडं सैल पडलं की ती ढब्ब वाजते, म्हणून वाजवण्याआधी शेकावी लागते. दवंडीवाल्यानं हलगी त्या धुनीवर शेकायची, आणि शेकता शेकता जी दवंडी द्यायची ती हळू आवाजात देवाला सांगायची. आधी देवाला, मग गावाला. असं न करता कुणी ओरडला तर लोक ती दवंडी मानत नसत. आणि दवंडी झाल्याशिवाय राजालाही कुणाला सुळी देता येत नसे.

बाकीच्यांनी ही रीत उरकली असती. सुघोष ती मनापासून पाळी. कुणाची शेळी हरवली, कुणाच्या विहिरीत कुत्रं पडलं, पाटाला पाणी कधी सोडणार, सगळं तो त्या धोंड्याला सांगे आणि मगच चौकात उभा राही. लोक चेष्टा करीत, "देवाला काय करायच्यात रे तुझ्या शेळ्या?"

तो म्हणे, "त्याला नसतील करायच्या. पण त्याला सांगून आलं की माझ्या तोंडून वाकडं जात नाही."

आता झालं असं, की राजाकडे एक पांढरा घोडा होता. तो राज्याचा मंगल अश्व. घोड्याला मंगल-अमंगल काय कळतं? पण लोक मानत, आणि त्याला मारील त्याला सूळ ठरलेला होता. एका दुपारी राजा दारू पिऊन त्याच्यावर बसला. खेमक नावाचा मोतद्दार त्या घोड्याला लहानाचा मोठा करीत आला होता. तो लगाम धरून म्हणाला, "महाराज, नदीकडं दलदल आहे. तिकडं नका." राजे लोकांना 'नका' म्हटलेलं सोसत नाही. राजानं तिकडंच घातला. घोडा पोटापर्यंत रुतला, राजा वरून टाचा मारीत राहिला, आणि घोडा तिथंच छाती फुटून मेला. राजा चिखलानं माखून पायी घरी आला.

सुळी जायचं खरं तर राजानं. पण प्रधान कालसेन कशाला होता? संध्याकाळपर्यंत त्यानं ठरवून टाकलं, की खेमकनं घोड्याला विष घातलं. खेमकच्या पायात बेडी पडली. राजा गप्प बसला. गप्प बसणं त्याला सोयीचं होतं.

सकाळी कालसेन सुघोषच्या दारात आला.

"चौकात सांग. राजा सांगतो, खेमकनं मंगल अश्वाला विष घातलं. आज सूर्य मावळायच्या आत त्याला सुळी."

"विष घातलं, प्रधानजी?"

"तुला विचारायला सांगितलंय की ओरडायला?"

कालसेन गेला. सुघोषची बायको सामा चुलीपुढून म्हणाली, "अहो, ओरडून या एकदाचं. शब्द राजाचे. तुमचं नुसतं तोंड."

"तोंड माझंच ना पण."

"ते राहिलं तर भाकरी खाल."

तिचंही खोटं नव्हतं. सुघोष घाबरला होता. बोधिसत्त्व झाला म्हणून काय? माणसाच्या जन्माला आलं की माणसाचीच भीती वाट्याला येते. ओरडायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवूनच तो घराबाहेर पडला.

वेशीपाशी त्यानं हलगी धुनीवर धरली. तोंड उघडलं. "देवा, खेमकनं..." पुढं येईना. घसा खाकरला, पुन्हा म्हणाला, "देवा, खेमकनं..." पुन्हा तेच. धोंडा होता तसा होता. ना रागावला, ना हलला. पण ज्याला कधी शेळीचा रंगसुद्धा खोटा सांगितला नाही, त्याला आता जिवंत माणूस खोटा सांगायचा? आज खोटं बोलून जीभ वाचवली, तर उद्या त्याच जिभेनं ह्याला हाक कशी मारायची?

एवढं मनात आलं आणि त्यानं हलगी धुनीवरून काढली. भीती गेली नव्हती. देवानं बस म्हटल्यासारखी ती बाजूला बसली. सुघोषही हलगी मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

दुपार झाली तरी दवंडी नाही. लोक वेशीपाशी जमले. उन्हं कलली तेव्हा राजा स्वतः आला, मागं कालसेन, आणि शिपायांच्या मधे बेडी घातलेला खेमक.

"दवंडी का झाली नाही?" राजानं विचारलं.

"महाराज, देवाला सांगता येईना."

"गावाला सांग म्हटलंय. दगडाला नव्हे."

"पहिला मान त्याचा आहे. तुमच्या जन्माची दवंडीसुद्धा माझ्या बापानं आधी ह्यालाच सांगितली."

"जीभ हासडून टाकीन."

"हासडा, महाराज. ते तुमच्या हातात आहे. ह्याच्यापुढं खोटं बोलणं माझ्या हातात नाही."

कालसेन पुढं झाला. "एवढ्याचंच अडलंय ना?" असं म्हणून, बाजारात वांग्यांचा भाव विचारावा तसा तो म्हणाला, "देवा, खेमकनं घोड्याला विष घातलं. झालं? ऊठ, वाजव."

सुघोष उठला, पण चौकाकडं वळला नाही. "प्रधानजी, तुमचं त्यानं ऐकलं. पण दवंडी 'राजा सांगतो' अशी आहे. राजानं सांगावं. महाराजांनी हे ह्याच्यापुढं एकदा म्हटलं, तर ही हलगी मी त्यांच्या हातात सोडून जातो. मग कुणीही वाजवा. मी वाजवणार नाही." आणि त्यानं हलगी पुढं केली.

एवढी माणसं बघत होती. राजाला मागं फिरता येईना. त्यानं जोडे काढले, हलगी घेतली आणि धुनीपाशी वाकला. हलगी कशी धरतात ते त्याला कुठं ठाऊक? हात पार जाळापर्यंत गेला.

"महाराज, तिकडं नका," खेमक म्हणाला.

सवयीनंच म्हणाला. पायात बेडी, पलीकडं सूळ उभा, आणि हा राजाचा हात भाजेल म्हणून सांगतोय.

राजानं हात मागं घेतला. खेमककडं बघितलं. मग देवाकडं. ओठ हलले, पण आवाज कुणाला आला नाही. शेवटी तो उठला आणि हलगी सुघोषला दिली.

"ह्याला सांगितलं ते गावाला सांग."

"महाराज, मला ऐकू आलं नाही."

राजानं एकदा लोकांकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "घोडा मी मारला."

हलगी चांगली तापलेली होती. सुघोष चौकात गेला आणि त्यानं हाळी दिली, "ऐका हो ऐका! राजा सांगतो, घोडा मी मारला. खेमक निर्दोष आहे." खेमकची बेडी तिथंच तोडली. राजाला सूळ कोण देणार? पण त्यानं दारू सोडली, कालसेनाला घरी बसवलं, आणि पुढं कुणाला शिक्षा सांगायची झाली की पायरीवर येऊन आधी स्वतः सांगू लागला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहाराच्या माळ्याला सांगितली. शेजाऱ्यावर खोटी साक्ष दे, असा गावच्या मुखियानं त्याला दम भरला होता, आणि तो भीतीनं जेवत नव्हता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे तो अंगण झाडणारा म्हातारा भिक्षू. कालसेन म्हणजे तुझा मुखिया, अजून तसाच आहे. सामा आता भिक्षुणी आहे, आणि कोण उपाशी राहिलं ते अजूनही तीच बघते. सुघोष मी होतो. आणि खेमक तू. तेव्हा तुझ्यासाठी कुणीतरी पायरीवर बसून राहिलं होतं, बाबा. आता तुझा शेजारी बेडीत आहे."

माळी उठला, जेवला आणि खरी साक्ष द्यायला गेला.

श्रद्धेच्या बळावर उभी राहिलेली ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.