परतीची झोप

फार वर्षांमागे, रस्त्यांना अजून मैलाचे दगडही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक गाडीवान होता. गाडी शेठची, बैल शेठचे, गाडीतला गूळही शेठचा. त्याचा स्वतःचा म्हणावा असा एक चाबूक, तोही तुटका!

बारा वर्षं तो गूळ भरून बंदरावर नेत होता. जायला तीन दिवस, यायला तीन दिवस. पण अलीकडे त्याला एका जागी बसवत नव्हतं. अर्ध्या भाकरीवरून उठायचा, अंगणात येरझारा घालायचा, पुन्हा येऊन ताटावर बसायचा. कारण सांगू? सुताराच्या दारात एक नवी गाडी उभी होती. बाभळीची, लाल रंग दिलेली. येता-जाता हा तिला हात लावून यायचा.

सुतार एकदा ओरडलाच, "अरे, हात लावून लावून रंग घालवशील! घ्यायची तर घे. तुझ्या शेठकडचा तो दुसरा गाडीवान येत्या बाजाराच्या पुढच्या बाजाराला नेतो म्हणतोय."

झालं! आगीत तेल पडलं. घरी येऊन त्यानं बायकोपुढे विषय काढला. गाडी आणि बैलजोडी घ्यायची तर एकच वाट होती. तिच्या आईनं तिला दिलेला विहिरीचा मळा विकायचा.

"किती दिवस दुसऱ्याचे बैल हाकू?" तो म्हणाला. "आपली गाडी असली की मी राजा. वाटेल तेव्हा जुंपीन, वाटेल तेव्हा सोडीन."

बायको वांगी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मळा देईन. तुमच्यापेक्षा मळा मोठा नाही. पण एवढं सांगा, जाताना गूळ न्याल. येताना काय आणाल?"

"असतं की काहीतरी. कधी मीठ, कधी नारळ."

"ते कुठून येतं?"

"शेठचा गुमास्ता भरतो. मी तेव्हा वडाखाली लवंडलेला असतो."

"आणि वाटेत?"

"वाटेतही झोपतो. बैलांना घरची वाट पाठ आहे."

त्या काळी जनावरं बोलत, आणि तोंडावर बोलत. अंगणात बांधलेला डावा बैल फुरफुरला. "बारा वर्षं आम्हीच तुला घरी आणतोय रे बाबा. गाडीवान तू की आम्ही?"

गाडीवान असा चिडला की बोलायची सोय नाही. "या खेपेला परतताना डोळा मिटला तर नाव लावणार नाही!" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली.

बंदरावर तो वडाखाली गेला नाही, गुमास्त्याच्या मागे गेला. पहिल्या दारी माल नव्हता. दुसऱ्या दारीही नाही. तिसऱ्या दारी तर कुत्रं अंगावर आलं. चौथ्या दारी गुमास्ता ओट्यावर बसला. म्हाताऱ्या नारळवाल्याच्या गुडघ्याची चौकशी केली, नातवाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, दिवस कलेपर्यंत गप्पा मारल्या. तेव्हा कुठे नारळ गाडीत पडले. 'या माणसाला मी बोलघेवडा म्हणत होतो!' गाडीवानाला स्वतःचीच लाज वाटली.

परतताना उन्हानं पापण्या जड झाल्या, म्हणून तो उतरून चालू लागला. म्हणून तर दिसलं. डावा बैल पाय उचलून टाकत होता. खुरात खडा रुतला होता. त्यानं तो काढला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"आधी पण रुतायचे," बैल म्हणाला. "तू घोरत असायचास."

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "मळा राहू दे. मला अजून गाडी हाकता येत नाही."

ठरल्या बाजारी लाल गाडी दुसऱ्या गाडीवानानं नेली. आता तुम्हाला वाटेल, याचा जीव शांत झाला. छे हो! रस्त्यात ती गाडी दिसली की हा वळून वळून तिच्याकडे बघायचा. पण तो शेठच्याच गाडीपुढे चालत राहिला, जागा राहिला. बंदरावरची दारं त्याच्या ओळखीची झाली. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं मीठ कधी निघतं, सगळं तोंडपाठ झालं. तिसऱ्या दारचं कुत्रंसुद्धा शेपूट हलवू लागलं.

एकदा लाल गाडी बंदरावर रिकामी उभी दिसली. मालक चाकाला टेकून बसला होता. डोळे तांबडेलाल.

"वडाखाली का नाही लवंडलास?" यानं विचारलं.

"आता झोप लागत नाही रे," तो म्हणाला. "आणि माल कुठे मिळतो ते ठाऊक नाही. आपण कधी बघितलंच नाही."

यानं त्याला नारळवाल्याचं दार दाखवलं. पण एका खेपेनं काय होतं? वर्षभरात लाल गाडी पुन्हा सुताराच्या दारात विकायला आली.

"जाताना भरलेली, येताना रिकामी," सुतार म्हणाला. "रिकाम्या गाडीचे बैलही वैरण तेवढीच खातात."

गाडीवान तसाच घरी गेला. बायकोनं तोच प्रश्न विचारला, "येताना काय आणाल?"

आणि त्यानं सांगितलं. कुठल्या महिन्यात कुणाच्या दारी काय मिळतं, ते नावानिशी सांगितलं. एक दार बंद निघालं तर पुढचं कुठलं, तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, मळ्याला गिऱ्हाईक बघू."

लाल गाडी घेतली, आणि शेठचे बैल परत करताना डावा बैल म्हणाला, "आता तुला झोप नाही हं."

"नको मला," गाडीवान म्हणाला, आणि त्यानं त्याचे चारही खूर एकदा तपासले.

दोन्ही बाजूंनी भरून धावणाऱ्या गाडीच्या कमाईवर तीन वर्षांनी मळा परत घरात आला. गाडीवान मात्र अजूनही परतीला गाडीपुढे चालतो.

म्हणून सांगतो: मालक व्हायची घाई असेल, तर आधी परतीची वाट एकदा जागेपणी चालून बघावी.