राखंतनं उठलेला काळवीट

लोकांनीच मागितला म्हून पिच्चरचा दुसरा भाग काढतोस व्हय रं, भिवा? मग ऐक.

लई वर्सांमागं माळावर एक कोल्हा गोष्ट सांगायचा. वणव्यात पाडसं वाचवताना जळून मेलेल्या काळविटाची. सारं रान रडायचं. एका हरणीचं पाडस खरंच वणव्यात गेलं हुतं. ती रोज यायची, रडून हलकी व्हायची.

ससे म्हणाले, "कोल्हेदादा, फुडं काय झालं ते सांगा की!"

वाहवापायी कोल्ह्यानं काळवीट जिता केला. राखंतनं उठवला, वाघाशी झुंजवला.

हरणी उठली. म्हणाली, "माझं न्हाई उठलं रं, दादा."

ती परत आलीच न्हाई. कोल्ह्यानं पुन्यांदा पयली गोष्ट सांगितली, पर कुणीच रडंना. काळवीट उठतोय, हे समद्यास्नी ठावं झालं हुतं.

तुझा हिरो पयल्या भागातच मेलाय. उद्याचं शूटिंग बंद कर.