ठकूची शाळा आणि एक अक्षर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, बाबांनो. आमच्या डोंगरात कुणाला लिहिता येत नव्हतं तेव्हाची आहे, मग साल लिहून ठेवणार कोण? आणि सगळं रामायण घडलं ते त्या लिहिता-वाचता न येण्यापायीच.

खिंडीच्या वर कातळशेत, खिंडीच्या खाली उंबरवणं. मधोमध खिंडीत कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. वैशाखात दोन्ही गावांच्या विहिरी खडखडीत व्हायच्या, पण टाकं आपलं काठोकाठ भरलेलं. टाक्याशेजारी एक दगड उभा होता आणि त्यावर तीन शब्द कोरलेले होते. ते काय आहेत हे दोन्ही गावांना तोंडपाठ होतं. "हे पाणी वाट्याचं." बापाने मुलाला सांगितलं, मुलाने त्याच्या मुलाला. आता वाट्याचं म्हणजे कुणाच्या वाट्याचं? कातळशेतकर म्हणत आमच्या, उंबरवणकर म्हणत आमच्या. मग दर उन्हाळ्यात टाक्यावर गोफणी चालायच्या, डोकी फुटायची, माणसं मरायची. दगडावरचं एक अक्षर कुणाला लागत नव्हतं, पण त्या दगडाची शपथ घ्यायला सगळे पुढे!

ठकू पाथरवटीण माहेरची कातळशेतची आणि सासरची उंबरवण्याची. दगड घडवणं तिच्या दोन्ही घरचं काम, आणि तिचा हात भल्याभल्या गड्यांना ऐकत नसे. एका वैशाखात तिचा भाऊ वरून लढायला उतरला, नवरा खालून चढला, आणि एकाच दुपारी दोघेही टाक्यापाशी पडले. ठकू धावत आली ती दोघांच्या मध्ये बसली. वरचे म्हणाले, "भावासाठी रड, तो आपला." खालचे म्हणाले, "नवऱ्यासाठी रड, तो आपला." ठकू रडलीच नाही. ती उठली आणि त्या दगडावर थाडकन हात मारून म्हणाली, "ह्याच्यावर काय लिवलंय ते वाचा. एकानं तरी वाचा!"

कोण वाचणार?

"मग ऐका," ठकू म्हणाली. "माझी दोन माणसं कशापायी मेली ते मला कळलंच पायजे. मी हितंच शाळा बांधते. तुमचीच पोरं मला हे वाचून दाखवतील."

लोक हसले. पाथरवटीण म्हणे शाळा बांधणार! पण दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत छिन्नी वाजायला लागली ती थांबेना. असं म्हणतात, की तो आवाज वर कातळशेतच्या देवळात ऐकू यायचा आणि खाली उंबरवण्याच्या चुलीपाशीही. बायकांचे हात भाकरी थापता थापता त्या ठेक्यावर पडायचे.

भिंत कमरेएवढी झाली तशी वरचे उतरले आणि त्यांनी ती पाडली. शिवेवर बांधकाम म्हणजे खालच्यांचा डाव, असं त्यांचं म्हणणं. ठकूने पुन्हा बांधली. मग खालच्यांनी पाडली, कारण ती म्हणे वरची लेक. असं सात वेळा झालं. सातव्या वेळी खुद्द कातळशेतचा दाजी पाटील पहार घेऊन आला. भिंत ढासळली, धूळ बसली, आणि बघतो तर ठकू पदराने तोंड पुसत हसतेय.

"हसतेस काय गं?" पाटील ओरडला.

"पाडा, पाटील, खुशाल पाडा. घडवायला वेळ लागतो तो दगडाला. पडलेला दगड पुन्हा घडवावा लागत न्हाई, नुसता रचायचा. पयल्या भिंतीला मला सा म्हयने लागले. ही मी आठ दिसांत उभी करते. तुमी दमाल, मी न्हाई दमायची."

आणि खरंच, आठव्या दिवशी भिंत उभी! असं म्हणतात, की त्यानंतर पहार घातली तर पहार वाकायची. खरं-खोटं देव जाणे, पण पाटलाची वाकलेली पहार कितीतरी वर्षं त्याच्या गोठ्यात पडून होती.

शाळेला तिने दोन दारं ठेवली, एक वर तोंड करून, एक खाली. आत मात्र खोली एकच. मग ती कोकणात उतरली. तिथे विसूपंत नावाचे एक पंतोजी होते. ठकूने त्यांच्या घराचं जोतं बांधून दिलं आणि त्याबदली त्यांना दोन वर्षांसाठी वर आणलं. खिंडीत पाय ठेवताच तिने त्यांना दम भरला, "पंत, त्या दगडावरचं तुमी वाचायचं न्हाई. वाचलंत तरी बोलायचं न्हाई. तुमी सांगितलंत तर एक गाव म्हणंल, दुसऱ्यानं तुम्हाला फितवलं." पंतांनी वाचलं असणारच की! पण बिचारे दोन वर्षं तोंड मिटून बसले.

शाळा झाली, पंत आले, आणि पोरं? एकही नाही. आठ दिवस पंत आपले रिकाम्या खोलीला ग म भ न शिकवतायत. तेव्हा ठकूने काय केलं ऐका. ती वर गेली आणि पाणवठ्यावर म्हणाली, "खालची पोरं येणार हायत बरं का. ती वाचायला शिकली की दगड त्यांच्या बाजूनं वाचतील." मग खाली जाऊन वरच्यांबद्दल तेच सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवशी दोन्ही दारांत रांग. पण मुलगे गोफणीला लागत होते, म्हणून दोन्ही गावांनी धाडल्या मुली. दाजी पाटलाने आपली नात चिमा धाडली आणि जाताना बजावलं, "शिकायला न्हाई जायचं. त्यांच्यावर नजर ठेवायला जायचं."

नजर ठेवता ठेवता चिमा शिकली. उंबरवण्याची हौसा तिच्याच पाटीवर लिहायची, कारण हौसाची पाटी फुटली होती.

दोन वर्षं झाली. वैशाख आला. दोन्ही गावं गोफणी घेऊन टाक्यावर जमली आणि ठकूने दोन्ही मुलींना दगडापुढे उभं केलं. आधी हौसाने वाचलं, मग चिमाने. दोघींच्या तोंडून एकच निघालं.

"हे पाणी वाटेचे."

"हां! वाट्याचं!" पाटील गरजला. "आमच्या वाट्याचं!"

"वाट्याचं न्हाई, आज्या," चिमा म्हणाली. तिचं बोट अक्षरावरून हललं नाही. "ट ला य जोडलेला न्हाई. नुसती मात्रा हाय. वाटेचं. वाटंनं जो जाईल त्याचं."

मग ठकू पुढे आली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. चिमाने तिचं बोट धरून त्या मात्रेवर ठेवलं, आणि इतकी वर्षं अडवून धरलेलं रडू तिला तिथे फुटलं. "एवढ्याश्यापायी?" ती म्हणाली. "नसलेल्या एका अक्षरापायी माझा भाऊ गेला? माझा धनी गेला?" दोन्ही गावं तिच्याबरोबर रडली. असं म्हणतात, की त्या दिवशी टाकं काठावरून वाहिलं आणि पाणी वरच्या गावालाही गेलं. पाणी कधी चढ चढतं का, विचाराल. त्या दिवशी चढलं.

पुढे ठकू थांबली नाही. जिथे दोन गावांचं वैर, तिथे तिने शिवेवर शाळा बांधली. दारं दोन, खोली एक. कुणी पाडायला आलं की ती म्हणायची, "पाडा. रचायला मी हाय."

आजही त्या खिंडीतल्या शाळेत घंटा नाही. दाराशी एक दगड आहे, त्यावर ठकूचा हातोडा मारतात आणि शाळा भरते. शाळेत आलेलं पोर पहिल्या दिवशी आपल्या गावचा एक दगड आणून भिंतीवर ठेवतं, म्हणून ती भिंत अजून वाढतेच आहे. आणि पाटीवर पहिला शब्द ग म भ न मधला नसतो, 'वाट' असतो. त्यापुढे 'वाटेचे' लिहिताना एखादं पोर चुकून य जोडतंच. मास्तर त्याला मारत नाहीत. हाताला धरून टाक्यापाशी नेतात, त्या मात्रेवर बोट ठेवायला लावतात आणि म्हणतात, "पूस बाळा, तो य पूस. त्याच्यापायी लई माणसं मेली."