लगमाक्काची घोंगडी

फार वर्षांपूर्वी, पारावरचा हा वड शेळीच्या तोंडाला येईल एवढाच होता, तेव्हाची गोष्ट. मध्ये कुणी बोलायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

तेव्हा गावाची रीतच उफराटी. ज्याच्यावर आळ, तो पारावर पंचांशेजारी मांडवाच्या सावलीत पान खात बसायचा. आणि ज्याला मारलं, लुटलं, त्यानं खाली उन्हात उभं राहून गाऱ्हाणं सांगायचं. आहे की नाही कमाल! निम्मे लोक तर गाऱ्हाणं घेऊन यायचेच नाहीत.

एकदा पाटलाच्या मेव्हण्यानं गोदा कुंभारणीला ओढ्यावर अडवलं. तिचं चांदीचं कडं ओरबाडलं, आणि ती सोडेना म्हणून मनगटच पिरगाळून मोडलं. कुंभारणीचा हात मोडल्यावर घरात चूल कशी पेटायची? गोदा पाराखाली येऊन उभी राहिली. पाटील विचारतात काय, "ओढ्यावर एकटी कशाला गेली होतीस? खोटी ठरलीस तर गाव सोडावं लागेल."

गोदाला घेरी आली.

तेवढ्यात लगमाक्का धनगरीण मेंढरं घेऊन तिथून चालली होती. गोदाची ना नात्याची, ना गोत्याची. पण ती थांबली, खांद्यावरची घोंगडी काढली, थेट पारावर चढली आणि पंचांच्या पुढ्यात अंथरली.

"ये गं बाई, बस. पाणी पी. सावकाश सांग." मग पाटलाकडे वळून म्हणाली, "ती पाण्याला गेली होती. हा कशाला गेला होता, ते विचारा की!"

"ओढा ती घोंगडी!" पाटील कडाडले.

असं म्हणतात, गावचे सगळे पैलवान ओढून ओढून घामाघूम झाले, पण घोंगडी तसूभर हलली नाही. उलट पसरायला लागली. पारभर झाली, पायऱ्या उतरली. आजवर मुकाट्यानं सोसलेली माणसं एकेक करून येऊन तिच्यावर बसली. असं म्हणतात, मेंढरंसुद्धा चरायची थांबली. मला तर सांगतानाही अंगावर काटा येतो बघा! पसरता पसरता घोंगडीनं मेव्हण्याला पारावरून खाली ढकललं, भर उन्हात. मग गोदा बसल्या जागेवरून सगळं बोलली. ऐकता ऐकता पाटलांची मान खाली गेली, आणि मेव्हण्यानं कमरेला खोचलेलं गोदाचं कडं आपल्या हातानं काढून दिलं.

लगमाक्का लगेच गेली नाही. गोदाचा हात जुळेपर्यंत तिचं चाक फिरवत राहिली. मडकी वाकडी व्हायची, पण बाजारात तीच आधी खपायची. मग एका सकाळी ती मेंढरांसकट दिसेनाशी झाली. घोंगडी मात्र ठेवून गेली.

अजूनही दर कातरणीला प्रत्येक कळपातली मूठभर लोकर तिला जोडतात. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं, की आधी घोंगडी, मग पाणी, मग बोलणं. 'तू कशाला गेली होतीस' असं आपल्या गावात कुणी विचारत नाही. तालुक्याला पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात जायचं झालं, तरी गावातलं कुणीतरी काखेत घोंगडी घेऊन सोबत जातं.

तुमच्याएवढी होते तेव्हा मीही बसलेय तिच्यावर. माझं सगळं बोलून होईपर्यंत कुणी उठलं नव्हतं.