हिंगाचा वास

रंगराव जहागीरदारांना हिंगाचा वास खपत नसे. एकदा त्यांनी हुकूमच सोडला, "ज्याच्या अंगाला हिंगाचा वास येईल, त्यानं या घरात राहायचं नाही." सारा जन्म फोडण्या देण्यात गेलेल्या स्वयंपाकीण चिमाकाकूंना त्याच दिवशी घर सोडावं लागलं. मग रंगरावांच्या पत्नी सगुणाबाई स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांनी स्वतः बिनहिंगाची वालाची उसळ केली.

रंगरावांनी ती मागून मागून खाल्ली आणि संध्याकाळी पोट धरून लोळू लागले. सगुणाबाईंनी हिंग कालवून त्यांच्या बेंबीवर लेप लावला. घटकाभरात पोट हलकं झालं, तसं रंगरावांनी नाक मुरडलं.

"कुणाच्या अंगाला वास येतोय हा?"

"आपल्याच," सगुणाबाई म्हणाल्या. "मग आपलं सामान बांधू, की चिमाकाकूंना बोलावणं धाडू?"